तिसऱ्या रांगेतलं हसू

१

लाल दिवा विझला. दारं उघडली. टाळ्या वाजवून हात लाल झालेली माणसं पिशव्या सावरत उठली, पण तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरची बाई काही उठेना. मान छातीवर, रुमाल तोंडाशी घट्ट धरलेला. शेजारच्या गृहस्थांनी "बाई, संपलं बरं का" असं म्हणून तिच्या गुडघ्यांवरून पाय टाकला. त्यांच्यामागून आणखी आठ जण तसेच गेले. एकीने जाता जाता "हसून हसून झोपच लागली की हिला!" असा विनोदही केला आणि मागचे हसले.

ते त्या दिवसाचं शेवटचं हसू. त्यानंतर ऐकू आली ती भाचीची किंकाळी.

बाईला सगळे खळखळबाई म्हणत. "सगळे घरीच असतात" ही विनोदी मालिका अकरा वर्षं प्रेक्षकांसमोर चित्रित होत होती आणि अकरा वर्षं ही बाई त्याच खुर्चीवर बसत होती. विनोद झाला की आधी तिचं हसू फुटायचं, मग तिसरी रांग, मग चौथी, मग सारं सभागृह. खोटं हसणं मात्र तिला कधी जमलं नाही. छातीला दमा होता. हसू फार झालं की पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातला निळा पंप काढून ती दोन झुरके घ्यायची आणि पुन्हा हसायला मोकळी व्हायची.

तो पंप पिशवीत नव्हता. खुर्चीखाली, रांगेत, कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांचं मत जवळजवळ ठरलेलं होतं.

"शेवटच्या प्रसंगापर्यंत बाईंचं हसू टेपवर आहे," ते म्हणाले. "आमच्या घरी सगळे बघतात ही मालिका, ते हसू मी झोपेतही ओळखेन. म्हणजे दारं उघडेपर्यंत बाई ठणठणीत. त्यानंतर जवळ गेलं कोण? भाची. पिशवी हातात होती कुणाच्या? भाचीच्या. आणि काल सकाळी मेकअपच्या खोलीत मावशीला म्हणालं कोण, 'हसता हसता मरशील एक दिवस'?"

भाची मालिकेत मेकअप करायची. मावशी आणि ती एका खोलीत राहत आणि रोज भांडत. ती भिंतीला टेकून उभी होती. हाताला कालची पावडर तशीच.

"संध्याकाळी हिला घेऊन जाणार," इन्स्पेक्टर म्हणाले. "तोवर मला ती टेप नीट दाखवेल असं कोणी आहे का?"

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. कोपऱ्यात, बगलेत वही धरून, नोंदकाका उभे होते.

२

नोंदकाकांचं काम लक्षात ठेवण्याचं. कुणाच्या कुठल्या हातात कप होता, मालिकेतल्या मामांच्या चष्म्याची कुठली काडी मोडलेली होती, जावयाने मागच्या महिन्यात सासूला काय थाप मारली होती, हे सगळं त्यांच्या वहीत असायचं. समासात हशाच्या रेघा. एक रेघ म्हणजे ओठ हलले, दोन म्हणजे हसले, तीन म्हणजे सभागृह हललं. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसून ते लिहीत. अक्षर मोत्यासारखं आणि स्वतःवर विश्वास मात्र काडीचाही नाही. सात वर्षांपूर्वी त्यांनी एका शालीचा रंग चुकीचा लिहिला होता, ते पान अजून ते अधूनमधून उघडून बघायचे.

"मला नाही हो जमायचं," ते पुटपुटले. "मी आपला कप आणि काड्या..."

"काका," भाची म्हणाली, "तुमच्या वहीत सगळं असतं ना? मग मी काय केलं तेही असेल. बघा तरी."

त्यांनी वही उघडली. मालिकेचा प्रत्येक एपिसोड तीन टप्प्यांत चित्रित होई आणि दुसऱ्या टप्प्यानंतर मध्यांतर असे. कालच्या पानावर मध्यांतराखाली लिहिलेलं होतं: "मामांची मिशी उजवीकडून सुटली. भाचीने पुन्हा चिकटवली. पूर्ण मध्यांतर मामांजवळच. तिसरा टप्पा संपेपर्यंत पडद्यामागे, डिंकाची बाटली हातात."

त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती. ती दिसताच काकांनी वही पटकन मिटली.

"काय झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"काही नाही. आधी दिग्दर्शकबाईंशी बोलतो."

दिग्दर्शकबाई नियंत्रणकक्षात थंड कॉफी पीत बसल्या होत्या. रात्रभर रडल्या असाव्यात किंवा रात्रभर एडिट केलं असावं, डोळे दोन्हीने तसेच होतात.

"काका, खरं सांगू? कालचा तिसरा टप्पा अकरा वर्षांतला सगळ्यात भारी झाला. वाहिनीचे लोक समोर बसलेले. मालिका बंद करायचं ठरवूनच आले होते. जाताना म्हणाले, पुढचे पन्नास एपिसोड करा. आणि मग हे." त्यांनी कप ठेवला. "त्या धुराच्या विनोदाने वाचवलं आपल्याला."

"तो धूर आला कुठून? सकाळच्या वाचनात तर नव्हता."

"मध्यांतरात लेखकरावांनी चिठ्ठी आणून दिली. मामा पातेलं करपवतात आणि धुरातून सासूबाईंना पुतळा समजून टोपी घालतात. मी म्हटलं, धुराचं यंत्र तापायलाच अर्धा तास लागतो. तर म्हणे तापवूनच ठेवलंय."

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. धुराचा प्रसंग असला की तो सकाळच्या वाचनातच जाहीर व्हायचा आणि काका स्वतः जाऊन खळखळबाईंना मागच्या दाराजवळ बसवायचे. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

"बाईंना सांगितलं होतं कुणी?"

"लेखकरावांनी सांगितलं असणार. मध्यांतरात तिच्या शेजारीच तर बसले होते. तिची पिशवी खाली पडली ती उचलूनसुद्धा दिली. एवढा मोठा माणूस, पण कसला गर्व नाही."

३

ध्वनिमुद्रकाला सगळे "कान" म्हणत. त्याच्या खोलीला खिडकी नव्हती. जग त्याच्यापर्यंत फक्त आवाजातून पोचायचं आणि त्यात तो सुखी होता. त्याच्याकडे जुन्या हशांचा साठा होता. सभागृह थंड पडलं की तिसऱ्या रांगेच्या खुर्च्यांखाली बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून तो थोडं हसू सोडायचा. मग खरी माणसं हसायला लागायची. याला ते पेरणी म्हणत.

"काल पेरणी केलीस?"

"केली ना. पहिल्या दोन टप्प्यांत किरकोळ, गर्दीचं हसू. सभागृह मसणासारखं होतं, काका. खळखळबाई एकदाही हसली नाही. ती नाही हसली की कोण हसणार?"

"आणि तिसऱ्यात?"

कानाने मान खाली घातली. टेबलावरच्या कागदांतून एक चिठ्ठी काढून पुढे केली. अक्षर लेखकरावांचं: "तिसरा टप्पा. धूर सुरू झाला की खळखळ. तीन ठिकाणी. शेवटच्या वाक्याला नक्की."

काकांनी चिठ्ठी वहीत ठेवली. "तू बाईंचंच हसू वाजवलंस? त्या बसलेल्या असताना?"

हा नियम तर सफाईवाल्यांनाही ठाऊक होता. चार वर्षांपूर्वी कानाने चुकून तिचंच जुनं हसू तिच्याच खुर्चीखाली सोडलं होतं. बाई ताडकन उठून उभी राहिली, चालू चित्रीकरणात ओरडली, "कोण मेलंय रे माझ्या आवाजात?" टप्पा पुन्हा करावा लागला. त्यानंतर तिने बजावलं होतं, मी हजर असताना माझं हसू वाजवायचं नाही. जिवंतपणी स्वतःचं भूत ऐकल्यासारखं वाटतं.

"मी म्हटलं त्यांना!" कान कळवळून म्हणाला. "म्हटलं, ती उठून तमाशा करील. तर लेखकराव म्हणाले, तिसऱ्या टप्प्याला ती नसणार आहे. मी आपला समजलो, घरी जाणार असेल."

"कधी म्हणाले हे?"

"सकाळी. चिठ्ठी दिली तेव्हाच."

काकांनी ते वहीत टिपून घेतलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिसऱ्या रांगेवर तुझा माईक असतो. काही ऐकलंस का?"

कानाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"शिट्टीसारखा आवाज येत होता. बारीक, थांबून थांबून. मला वाटलं माईक बिघडला." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी तो बंद केला, काका."

४

टेप बघायला इन्स्पेक्टर आणि काका दोघेच बसले.

धूर सुरू झाला. मामा खोकले, सासूबाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या आणि त्या गोंधळात ते हसू फुटलं. खळखळ, खळखळ, वर चढत गेलेलं, शेवटी एक छोटीशी गिरकी घेणारं.

"हेच!" इन्स्पेक्टर म्हणाले. "आहे की नाही ठणठणीत?"

"पुन्हा लावता का? शेवटची गिरकी ऐका. तिच्या शेपटीला काय आहे?"

दोनदा ऐकल्यावर इन्स्पेक्टरांनाही ते ऐकू आलं. हसण्याच्या अगदी टोकाला काच फुटल्याचा किणकिणाट.

"काल सेटवर काहीच फुटलेलं नाही," काका म्हणाले. "आरसा फुटला होता तो एकशेबाराव्या एपिसोडात. जावयाने खुर्ची मागे ओढली आणि आरसा पडला. माझ्या वहीत तारीख आहे. हे त्या दिवसाचं हसू आहे, साहेब. शेवटच्या वाक्याला जे वाजलं तेही हेच. तुम्ही जिला ठणठणीत म्हणताय ती बाई त्या वेळी हसत नव्हती."

"मग काय करत होती?"

काका पुढे सरकले. ते पडद्यावरच्या मामांच्या घराकडे बघत होते. फडताळावर नेहमीच्या वस्तू: घड्याळ, बिनकाडीचा चष्मा, दोन पुस्तकं, फुलदाणी, लेखण्यांचा पेला. ह्या वस्तू त्यांना स्वतःच्या घरातल्या वस्तूंपेक्षा जास्त पाठ होत्या.

"दुसरा टप्पा लावा. थांबवा. पेल्यात काय आहे?"

"तीन पेनं."

"आता तिसरा."

तिसऱ्या टप्प्यात पेल्यात तीन पेनं होती आणि त्यांच्यामागे निळ्या रंगाचं वाकडं टोक.

सेटला कालपासून सील होतं. इन्स्पेक्टर स्वतः गेले, रुमालात धरून ते टोक बाहेर काढलं. खळखळबाईचा पंप. सेटवर ठेवलेल्या वस्तूकडे कुणी वस्तू म्हणून बघत नाही. तीनशे प्रेक्षकांसमोर, चार कॅमेऱ्यांसमोर तो तिथेच होता, तिच्यापासून बारा पावलांवर.

"मध्यांतरात सेटवर कोण गेलं होतं?"

"नटांना चिठ्ठ्या वाटायला," नोंदकाका म्हणाले, "एकच माणूस जातो."

५

लेखकराव लेखकांच्या खोलीत एकटेच बसले होते. भिंतीवर त्यांनी स्वतः लिहिलेले नियम: पानाला तीन हशे. कुणीही शहाणा होता कामा नये. लाल दिवा लागला की दारं बंद, कुणी उठणार नाही, कुणी खोकणार नाही.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इन्स्पेक्टर दाराशी उभे होते, दिग्दर्शकबाई आणि कान त्यांच्यामागे. काका बोलताना तीनदा अडखळले.

"वा! काका, अकरा वर्षांत तुम्ही एवढं बोलला नाहीत," लेखकराव म्हणाले. "जमलंय. फक्त मध्याला जरा रेंगाळतं. मी काय म्हणतो, पंप कुणीही ठेवला असेल. आणि हसू पेरलं म्हणून काय झालं? ती हसत नव्हती, मी पेरलं. त्यात खून कुठे आला?"

"ती पहिल्या दोन टप्प्यांतही हसत नव्हती," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "तेव्हा तिचं हसू नाही पेरलंत. कारण ती बसलेली होती. स्वतःचं हसू ऐकलं असतं तर उठून ओरडली असती. तिसऱ्या टप्प्यातही ती बसलेलीच होती, लेखकराव. तुम्ही पडद्याआडून तिला बघत होतात. तरी वाजू दिलंत. ती उठणार नाही, ओरडणार नाही, हे ज्याला माहीत आहे तोच असं करील."

"धूर झाला की ती मागे जाईल असं वाटलं मला."

"मग धुराचं तिला सांगितलं का नाही? तिच्या शेजारी बसला होतात. पिशवी उचलून दिलीत तेव्हाच कप्पा रिकामा झाला. तेवढ्यात तुम्हाला चिठ्ठ्या वाटायला बोलावलं, हात मोकळे हवेत म्हणून पंप पेल्यात टाकलात. नंतर काढून घेऊ असं ठरवलंत, पण सेटला सील लागलं."

लेखकराव हसले. मग ते हसू चेहऱ्यावरच वाळलं.

"चार महिने," ते म्हणाले. "चार महिने ती बाई माझ्या तोंडासमोर दगडासारखी बसली होती. मी रात्र रात्र जागून लिहायचं आणि हिने रुमालाची घडी घालत बसायचं! मागच्या आठवड्यात जिन्यात भेटली. म्हणते कशी, 'लेखकराव, तुम्ही दमलात हो. आता पुरे करा.' दया! कुणाची, तर फुकट चहा-बिस्किटांवर हसणाऱ्या बाईची!" त्यांचा आवाज चढला. "उठून जायचं ना मग! जीव घुसमटत होता तर उठून जायचं! मी काय बांधून ठेवलं होतं?"

"दारं बंद होती," काका म्हणाले. "अकरा वर्षांत तिने एकदाच टप्पा बिघडवला होता. तेव्हा तुम्हीच तिला सगळ्यांसमोर बोललात. काल ती उठली नाही. खोकला बाहेर पडू नये म्हणून रुमाल तोंडात कोंबला. तिचे खांदे गदागदा हलत होते आणि..."

"आणि?" लेखकराव पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली, कुणाचं तरी व्यंग सापडलं की यायची तीच. "सांगा ना. आणि सभागृहाला काय वाटलं? ती हसतेय! तिला बघून मागची रांग हसली, मग त्यामागची. असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. इन्स्पेक्टरसाहेब, त्या पोरीला सोडवायचं म्हणजे काकांची वही लागणार तुम्हाला. मिशीची नोंद फक्त तिथे आहे. घ्या, घ्या. कालचं पान मोठ्याने वाचा. हशाच्या रेघांसकट, शेवटच्या ओळीपर्यंत."

इन्स्पेक्टरांनी हात पुढे केला. काकांना वाटलं, पान फाडून खिशात घालावं. मिशीचं काय, तोंडी सांगता येईल. पण तोंडी सांगितलेलं कोण मानणार? स्वतःच्या शब्दावर त्यांचाच विश्वास नव्हता. विश्वास होता तो वहीवर.

त्यांनी वही दिली.

६

लेखकरावांना नेलं त्याला पंधरा दिवस झाले. वाहिनीने तो एपिसोड दाखवला, धुरासकट. लोकांना फार आवडला. नवा लेखक आला. भाचीने कानाकडे जाऊन मावशीचं हसू पुसून टाकायची विनंती केली, तर तो ओशाळून म्हणाला, ते वाहिनीच्या मालकीचं आहे, आणि आता तर पेरणीचं त्याच्यावरच भागतंय.

भाची आपला डबा आणि कुंचले न्यायला आली तेव्हा नोंदकाका शेवटच्या रांगेत बसले होते. वही त्यांना परत मिळाली होती. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची कुणीतरी उचलून नेली होती. जमिनीवर चार गोल खुणा आणि त्या छोट्या स्पीकरची वायर तेवढी उरली होती.

"काका, तुमच्यामुळे सुटले मी," ती वाकून नमस्कार करत म्हणाली. "तुमच्या वहीमुळे."

"मी काय केलं? नोंद होती."

ती उभीच राहिली. मग तिने विचारलं, "तुम्ही इथेच बसता ना? इथून मावशी दिसायची?"

"पाठ दिसायची."

"त्या दिवशी दिसली?"

काकांनी वही मांडीवर उपडी ठेवली. "दिसली."

"पोलिसांनी मला फक्त मिशीची ओळ वाचून दाखवली. बाकीचं पान बघू?"

नाही म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी पान काढून वही तिच्या हातात ठेवली.

तिने बोट फिरवत वाचलं. मिशी. डिंकाची बाटली. धूर. आणि मग तळाशी, मोत्यासारख्या अक्षरात:

"तिसरा टप्पा. बऱ्याच दिवसांनी खळखळबाई खुशीत. रुमाल तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांना बघून मलाही हसू आवरेना."

समासात तीन रेघा.

भाचीने ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. वही मिटून, दोन्ही हातांनी धरून, वडीलधाऱ्यांना देतात तशी तिने ती परत दिली.

"अक्षर छान आहे हो तुमचं, काका," ती म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली.